डिस्चार्ज बुकात नसलेली पदकं: माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

मी फौजेत क्लार्क होतो. पेन्शनवर आल्यापासून सातारा जिल्ह्यातली माजी सैनिकांची घरं मला कागद दाखवायला येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), एखादा जुना फोटो आणि सोबत एकच तक्रार, "यांनी लढाई केली, पण मेडल लागलंच नाही." दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. पदकाची भीक मागायची नसते. ते सेवेच्या दिवसांनी आधीच कमावलेलं असतं. आपलं काम ती नोंद शोधण्याचं किंवा राहिली असेल तर करून घेण्याचं आहे, आणि अर्जाची भाषाही तशीच हवी.

मेडल मिळालं नाही आणि नोंद नाही, हे एकच ना?

नाही. इथेच निम्मे अर्ज चुकतात.

सैनिकाच्या सेवेचा मूळ कागद म्हणजे शीट रोल. तो रेकॉर्ड ऑफिसात राहतो. घरी असतं ते डिस्चार्ज बुक, म्हणजे शीट रोलवरून निवृत्तीच्या वेळी उतरवलेला गोषवारा. उतरवताना ओळ सुटू शकते. तेव्हा तुमची अडचण तीनपैकी कोणती ते आधी ठरवा. शीट रोलवर पदक आहे पण डिस्चार्ज बुकात नाही, तर नुसती दुरुस्ती लागेल. दोन्हीकडे नोंद आहे पण धातूचं पदक हातात आलं नाही, तर वाटपाचा प्रश्न आहे. नोंद कुठेच नसेल, तर पात्रता दाखवावी लागेल, आणि खरी मेहनत तिथे आहे. तिन्हींसाठी वेगळा अर्ज लागतो. "मेडल द्यावे" एवढंच लिहिलं की टेबलावरच्या क्लार्कला यातलं काहीच कळत नाही.

पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय? सगळे तिचंच नाव घेतात.

सैनिकाच्या आयुष्यात जे घडतं, म्हणजे बदली, बढती, लग्न, मुलाचा जन्म, जखम, कोर्स, ते युनिट एका आदेशाने प्रसिद्ध करतं. त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. तिची प्रत रेकॉर्ड ऑफिसात जाते आणि तिच्यावरून शीट रोलमध्ये ओळ चढते. पदकाची पात्रताही अशीच चढते.

आता विचार करा. जवान पूर्व आघाडीवर होता. लढाई संपली, पलटण हलली, तो कोर्सला गेला, तिथून दुसऱ्या युनिटला गेला. पदकाचा आदेश आला तेव्हा जुन्या युनिटला वाटलं नवीन युनिट नाव घालेल, नव्याला वाटलं जुन्याने घातलं असेल. माणूस नावांच्या दोन याद्यांमधून निसटला. मी नोकरीत असताना हे पाहिलं आहे आणि आता पिशव्यांमधून येणाऱ्या कागदांत पुन्हा पाहतो. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, पण ऐंशी वर्षांचा माणूस छातीवर एक रिबन कमी घेऊन २६ जानेवारीला शाळेच्या झेंड्याखाली उभा राहतो, ते मला बघवत नाही.

कोणती पदकं जास्त करून राहिलेली असतात?

माझ्याकडे येणाऱ्यांत १९६५ आणि १९७१ ची सर्वाधिक. कारण सोपं आहे. मोहिमेचं पदक लढाई संपल्यावर ठरतं. १९६५ च्या लढाईची दोन पदकं, समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, स्थापन झाली १९६७ साली. मधल्या काळात जो घरी आला त्याच्यापर्यंत बातमीच पोचली नाही. या दोघांत गल्लत करू नका. समर सेवा स्टार प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातल्या सेवेसाठी, तर रक्षा मेडलची व्याप्ती त्याहून मोठी. दोन्हींचा काळ ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६. युद्धविराम सप्टेंबरात झाला असला तरी पदकाचा काळ जानेवारीपर्यंत जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

१९७१ ची तीन. पूर्व आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिमेसाठी पश्चिमी स्टार, आणि व्यापक क्षेत्रासाठी संग्राम मेडल, ज्याचा काळ ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ असा लांब आहे. लढाई चौदा दिवसांत संपली म्हणून १९७२ मध्ये मोहिमेच्या क्षेत्रात गेलेला जवान आपलं नाव स्वतःच काढून टाकतो. तसं करू नका, तारखा ताडून पाहा.

यानंतर येतात स्वातंत्र्याच्या वर्धापनाची पदकं. १५ ऑगस्ट १९७२ ला जो सेवेत होता त्याला पंचविसाव्या वर्षाचं, १५ ऑगस्ट १९९७ ला होता त्याला पन्नासाव्या वर्षाचं, आणि १५ ऑगस्ट २०२२ ला होता त्याला पंचाहत्तराव्या वर्षाचं. इथे वाद घालायला जागाच नाही. भरतीची तारीख आणि निवृत्तीची तारीख यांच्यामध्ये तो दिवस आला की पुरावा डिस्चार्ज बुकातच आहे. माझा अनुभव असा की ही दुरुस्ती सगळ्यात लवकर होते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करा.

सेवेच्या मुदतीची ९ वर्षं, २० वर्षं आणि ३० वर्षं अशी पदकं असतात. तीही तारखांच्या हिशोबानेच सिद्ध होतात. सैन्य सेवा मेडलचं मात्र बारकाईने बघावं लागतं, कारण त्याच्या रिबनवर क्षेत्राच्या नावाची पट्टी लागते: जम्मू काश्मीर, हिमालय, बंगाल-आसाम, अंदमान-निकोबार. मेडल आहे पण दुसरी पट्टी राहिली, असं बरेचदा होतं. अर्ज मग पट्टीसाठी करायचा, नव्या मेडलसाठी नाही. श्रीलंकेत ऑपरेशन पवनला गेलेल्यांचं विशेष सेवा मेडल, सियाचिनचं मेडल, उंच भागातल्या सेवेचं उच्च तुंगता मेडल ही पुढच्या पिढीची. यांत युनिटचा मुक्काम आणि तिथले दिवस हाच पुरावा.

जखमेचं पदक वेगळं आहे. ते शत्रूच्या थेट कारवाईत झालेल्या जखमेसाठी असतं. इस्पितळाचे कागद आणि जखमेचा अहवाल असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. गाडी उलटून झालेली दुखापत कितीही मोठी असली तरी यात बसत नाही.

आजोबा "ऑपरेशन विजय"ला होते म्हणतात, पण १९९९ ला तर ते घरीच होते.

मग ते गोव्याला गेले असतील. डिसेंबर १९६१ च्या गोवामुक्तीच्या कारवाईचं नावही ऑपरेशन विजय हेच होतं. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल अशी दोन पदकं निघाली. गोव्यासाठी मात्र वेगळं पदक नाही. १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर "गोवा १९६१" अशी पट्टी लागते. याच मेडलवर "लडाख १९६२", "नेफा १९६२" (नेफा म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश), "नागा हिल्स" अशाही पट्ट्या आहेत. त्यामुळे अर्जात "ऑपरेशन विजय मेडल" असं लिहिलंत, तर रेकॉर्डवाला कारगिलच्या यादीत शोधेल आणि नाव नाही म्हणून कळवेल. त्या एका शब्दापायी घरचे लोक वर्षभर ताटकळतात.

वीर चक्र, सेना मेडल हेही असंच जोडता येतं का?

नाही. शौर्यपदक राष्ट्रपतींच्या मंजुरीने मिळतं आणि भारताच्या राजपत्रात नाव छापून येतं. राजपत्रात नाव असूनही शीट रोलवर ओळ नसेल, तर दुरुस्ती नक्की होते. राजपत्रात नसेल, तर "साहेबांनी शिफारस केली होती" एवढ्यावर काही उभं राहत नाही. शिफारस होऊनही मंजुरी न मिळालेले शूर पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी हे सांगताना मला वाईट वाटतं, पण खोटी आशा लावणं त्याहून वाईट.

मेन्शन इन डिस्पॅचेस, म्हणजे लढाईच्या अहवालात नावानिशी गौरवाचा उल्लेख, असेल तर त्याचंही नाव राजपत्रात येतं. त्याला वेगळं पदक नसतं, रिबनवर छोटं चिन्ह लागतं. हे चिन्ह राहून गेलेली डिस्चार्ज बुकं मी पाहिली आहेत.

अर्ज कुठे करायचा?

ज्या रेजिमेंटमधून निवृत्त झालात तिच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महारचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, आर्मर्ड कोअरचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेचं) सिकंदराबादला. नौसैनिकांचे कागद मुंबईत मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे, हवाई दलातल्या एअरमनचे दिल्लीत सुब्रतो पार्कला. अधिकाऱ्यांचे कागद दिल्लीच्या मुख्यालयात. बीएसएफ, सीआरपीएफ ही वेगळी दलं, त्यांचं दार वेगळं.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पुढे पाठवता येतो, आणि वयस्कर माणसाला तेच सोयीचं. पण पदकाची नोंद करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. तिथल्या टेबलावर रागावून काही मिळत नाही.

बाबा "मराठा"तले म्हणवतात, पण बेळगावहून "नाव नाही" असं उत्तर आलं.

पलटणीचा इतिहास बघा. ११ डिसेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानात टांगाईलवर हवाई छत्रीने उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठ्यांची तिसरी पलटण. तिच्यात पेन्शनीत आलेला माणूस गावात "मराठा" म्हणूनच ओळखला जातो, पण त्याचे कागद पॅराशूट रेजिमेंटच्या रेकॉर्डला, म्हणजे बेंगळुरूला असतात. तसंच २१ पॅराचं, तीही आधी मराठ्यांची पलटण होती. निवृत्तीच्या वेळचं युनिट धरा, भरतीच्या वेळचं नाही.

आर्मी नंबर सापडत नाही. काय करू?

जुना पीपीओ, बँकेचं पेन्शनचं पासबुक, कॅन्टीन कार्ड, माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड यांपैकी कशावर तरी असतो. आणि घरात एखादं दुसरं मेडल असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. सरकारी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या पणजोबांचाही नंबर कधी कधी असाच सापडतो, कारण भारतीय सैन्याला दिलेली त्या काळची मेडलंसुद्धा नाव कोरून दिली होती. घासून चकचकीत करू नका, अक्षरं जातात.

अर्ज नेमका कसा लिहावा?

हिंदी किंवा इंग्रजीत, एका पानात. वर आर्मी नंबर, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, निवृत्तीची तारीख. हे पाच तपशील पहिल्या तीन ओळींत नसतील, तर पुढचं कुणी वाचत नाही.

मग एका पदकाला एक परिच्छेद. "मी १९७१ च्या युद्धात देशासाठी लढलो, तरी मला मेडल मिळाले नाही, कृपया न्याय द्यावा" हे खरं आहे, भावना खरी आहे, पण त्यात शोधायला काही नाही. त्याऐवजी असं: "३ डिसेंबर १९७१ ते १६ डिसेंबर १९७१ या काळात मी पहिल्या मराठा पलटणीत बी कंपनीत होतो. पलटण जमालपूरच्या कारवाईत होती. माझ्या डिस्चार्ज बुकाच्या पदकांच्या रकान्यात पूर्वी स्टार व संग्राम मेडलची नोंद नाही. शीट रोल व संबंधित पार्ट टू ऑर्डर तपासून नोंद आहे किंवा कसे ते कळवावे. नसल्यास नोंद प्रसिद्ध करून दुरुस्त उताऱ्याची साक्षांकित प्रत द्यावी." आता वाचणाऱ्याला कळतं की कोणतं कपाट उघडायचं.

कंपनीचं नाव जरूर घाला. प्लाटून आठवत असेल तर तीही. म्हातारपणी तारखा विसरतात, पण कंपनी कुणी विसरत नाही. वडिलांना "कुठल्या तारखेला होतात" असं विचारू नका. "कंपनी कमांडर कोण होते, थंडी होती का, पुढे कुठे हलवलं" असं विचारा. तारखा त्यातून निघतात.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, कोरी पानं धरून. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

नावाच्या स्पेलिंगमुळे अडेल का?

अडतं. पूर्वी भरतीच्या मेळाव्यात जे कानावर पडलं ते रोमन अक्षरांत लिहिलं गेलं. कुणाचं आडनावच नाही, नुसतं "पांडुरंग बाळा". कुणाचा जाधव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसराच. आधारवरचं नाव आणि शीट रोलवरचं नाव वेगळं असेल, तर पदकाच्या अर्जाआधी नावाची दुरुस्ती मागा. दोन्ही एका अर्जात घातलं की दोन टेबलांमध्ये कागद फिरत राहतो. अर्जावर मात्र शीट रोलवरचंच नाव लिहा, कंसात आजचं.

"रेकॉर्ड नष्ट केले आहे" असं उत्तर आलं.

यावर थोडं थांबून बोलू, कारण हे पत्र आलं की लोक खचतात.

पेन्शन नसलेल्या सैनिकांचे सेवेचे कागद सेना नियमावलीनुसार २५ वर्षांनी नष्ट करता येतात. पाच-सात वर्षं नोकरी करून, १९७१ ची लढाई खेळून पेन्शनशिवाय परत आलेले पुष्कळ आहेत. त्यांच्या बाबतीत हे उत्तर नियमाला धरून असतं. पण शीट रोल गेला तरी लाँग रोल नावाची वही शिल्लक असते. त्यात नंबर, नाव, भरती, सुटका एवढं तरी मिळतं. म्हणून दुसरं पत्र पाठवा: "लाँग रोलमधील माझ्या नोंदीची प्रत द्यावी." तेवढ्यानेही वर्धापनाचं पदक सिद्ध होऊ शकतं.

मोहिमेच्या पदकासाठी मग शेजारचा पुरावा लागतो. त्याच कंपनीतला, त्याच तारखांचा दुसरा जवान, ज्याच्या डिस्चार्ज बुकात ते पदक आहे, त्याच्या पानांची झेरॉक्स आणि त्याचं प्रतिज्ञापत्र. पलटणीच्या इतिहासाची पानं. लढाईच्या काळात घरी आलेली पत्रं, विशेषतः फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेली. रिबन लावलेला तेव्हाचा फोटो. हे एकेकटं दुबळं असतं, एकत्र आलं की अधिकाऱ्याला सही करायला आधार मिळतो. पलटणीच्या वाढदिवसाला जात असाल, तर तिथे जुन्या साथीदारांची नावं-गावं लिहून आणा. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर अर्धा पुरावा शेजारच्या गल्लीतच असतो.

माहितीचा अधिकार वापरावा का?

हो, पण आधी साधा अर्ज करून दोनेक महिने द्या. लष्कराला हा कायदा लागू आहे. रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर न आल्यास किंवा अपुरं आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

एक लक्षात ठेवा. या कायद्याने कागद मिळतो, निर्णय मिळत नाही. "मला मेडल का दिले नाही" असं विचारलं की उत्तर टाळता येतं. "माझ्या शीट रोलमधील पदकांच्या पानाची साक्षांकित प्रत द्यावी" असं मागितलं की टाळता येत नाही.

लेखी नकार आला, किंवा काहीच आलं नाही तर?

सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झालं, आणि आपल्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं. अर्जाला सहा महिने उत्तरच आलं नाही, तर त्यापुढचे सहा महिने. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण द्यावं लागतं. म्हणून त्या पोस्टाच्या पावत्या. एका पट्टीसाठी वकील लावून तिथे जावं, असं मी सरसकट सांगणार नाही. आधी रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुखांना कागदांसह पुन्हा लिहा. माझ्या पाहण्यातली बरीच प्रकरणं दुसऱ्या पत्राला सुटली आहेत.

नोंद झाली. मेडल कधी येईल?

वाट बघावी लागते, कधी वर्षानुवर्षं. म्हणून नोंदीची साक्षांकित प्रत आधी हातात घ्या. ती असली की हक्क पक्का. मधल्या काळात लष्करी सामानाच्या दुकानातून प्रतिकृती घेऊन लावली तर त्यात कमीपणा नाही, सेवेतले जवानही तसं करतात. मात्र नोंद नसलेलं मेडल लावू नका. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी त्यांचं चिन्ह वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, आणि खऱ्या सैनिकाने तर शंकेला जागाच ठेवू नये.

मेडल हरवलं किंवा चोरीला गेलं.

पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र, आणि रेकॉर्ड ऑफिसला दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज. ही दुरुस्ती नाही, त्यामुळे वरचं काही लागत नाही.

वडील वारले आहेत. आई अर्ज करू शकते का?

करू शकते, आणि तिनेच करावा. रेकॉर्डला जवळची वारस म्हणून तिचं नाव असतं. मृत्यूचा दाखला आणि कुटुंब पेन्शनचा पीपीओ जोडा. आईही नसेल तर मुलांपैकी एकाने, बाकीच्यांच्या संमतीपत्रासह. युद्धस्मारकावरच्या मानवंदनेला दिवंगत सैनिकाची मेडलं घरच्यांना छातीच्या उजव्या बाजूला लावता येतात. डावी बाजू ज्याने कमावली त्याची.

माझ्याकडे माण तालुक्यातल्या एक आजी आल्या होत्या. त्यांच्या मालकांची संग्राम मेडलची ओळ चढली, त्याचं दोन ओळींचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "ह्यात त्यांचं नाव कुठं हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. त्या अक्षरांवर त्यांनी हळद-कुंकू वाहिलं, मग पत्र घडी घालून परत पिशवीत ठेवलं.

मेडलमुळे पेन्शन वाढते का?

मोहिमेच्या, मुदतीच्या आणि वर्धापनाच्या पदकांमुळे वाढत नाही. शौर्यपदकांना केंद्राचा मासिक भत्ता आणि राज्य सरकारची रक्कम असते. "मेडल लावून पेन्शन वाढवून देतो" म्हणून पैसे मागणारा कुणी आला, तर त्याला कागद देऊ नका.

मूळ डिस्चार्ज बुक पाठवावं लागतं का?

अर्जासोबत कधीच नाही. दुरुस्तीची ओळ चढवण्यासाठी रेकॉर्ड ऑफिसने लेखी मागितलं तरच द्या. जमल्यास स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. त्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढा, शिक्क्यांसह, आणि तो घरातल्या दोघांकडे तरी ठेवा.